दुसऱ्या मजल्यावरचं मीटर

१

शिवलीलाचं पत्र एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. ऑगस्ट अर्धा सरला तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं होतं असं नाही. ते शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात होतं आणि तो खंड मी चार महिने उघडत नव्हतो.

पत्र वहीच्या एका पानाचं होतं.

"काकांना नमस्कार. मी कुंभारीला मावशीकडे आहे. इथल्या बायकांच्या गटाला एका वसतिगृहाला भाकरी पुरवायचं काम मिळालंय. मला गटात घ्यायला बायका तयार आहेत, पण वीज चोरली म्हणून सोलापुरातली खोली सोडावी लागली, ही गोष्ट इथपर्यंत आलीय. अध्यक्षबाई म्हणतात, सोसायटीच्या सेक्रेटरीची एक ओळ आण, की तुझ्या खोलीत विजेची शेगडी नव्हती. तुम्ही आठवड्यातून दोनदा भाकरी न्यायला यायचात, माझी चूल बघितलीत. मी कुणाचं काही घेतलं नाही. थंडीत पहाटे पीठ मळायला केरामावशीच्या नळाचं ऊन पाणी आणायचे, तेवढंच, आणि तेही विचारून. एक ओळ लिहा."

आमची इमारत तीन मजली, विजापूर रस्त्याच्या बाजूला. जिन्याखाली सगळ्यांची मीटर आणि त्यांना लागून एक खोली. त्या खोलीत शिवलीला तीन वर्षं भाड्याने राहत होती. कडक भाकरी करून विकायची. पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी.

गेल्या डिसेंबरपासून दुसऱ्या मजल्यावरच्या सोमशेखर यांचं बिल अचानक वाढलं. दीडशे युनिट वापरणारं घर साडेतीनशेवर गेलं. मार्चमध्ये मीटरच्या फळीमागे, शिवलीलाच्या दाराच्या वर, वायरचा एक तुटका तुकडा सापडला. सभा भरली. ती म्हणाली की हा तुकडा ती यायच्या आधीपासून तिथे आहे. कुणी तरी म्हणालं, इतक्या भाकऱ्या रोज चुलीवर कशा होतील, आत विजेची शेगडी असणार. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सेक्रेटरी. बारा वर्षांपूर्वी वाचनालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो तेव्हा अक्षर चांगलं म्हणून मला हे पद दिलं आणि मला नाही म्हणता आलं नाही.

मी चूल पाहिली होती. पण खोलीत एक पडदाही होता आणि पडद्यामागे मी कधी पाहिलं नव्हतं. न पाहिलेल्याची खात्री मी कशी देणार, असं मला वाटलं. मी खाली मान घालून लिहिलं, "खोली रिकामी करून घ्यावी असे ठरले."

ती गेली, आणि पुढच्या दोन महिन्यांत सोमशेखर यांचं बिल पुन्हा दीडशेवर आलं. त्यामुळे पत्राला उत्तर न देणं मला सोपं गेलं.

एकोणीस ऑगस्टला सकाळी सोमशेखर माझ्या दारात उभे होते. हातात नवं बिल होतं. तीनशे सत्तर युनिट.

२

सोमशेखर सुताचे व्यापारी. आवाज चढवून ते कधी बोलत नाहीत, आणि त्यामुळेच त्यांचं ऐकावं लागतं. घरात माणसं तीन, ते, पत्नी आणि आई सुंदरम्मा. नवीन यंत्र कुठलंही घेतलेलं नाही, पावसाळा असल्यामुळे कूलर बंद, असं त्यांनी मला सांगितलं. शिवलीलाची खोली तर मार्चपासून रिकामी आहे.

"मग आता उरलं कोण?" ते म्हणाले. "खालचा बिभीषण. ई-रिक्षा रात्रभर पार्किंगमध्ये चार्जिंगला लावतो की. त्याला नोटीस लिहा, रिक्षा आवारात लावायची नाही म्हणून. सही मी आधी करतो."

जाता जाता त्यांनी आणखी एक तक्रार केली. लोक वीजच नाही, पाणीही चोरतात. आमच्याकडे नळाचं गोड पाणी चार दिवसांनी येतं. गच्चीवर शेजारी शेजारी दोन टाक्या आहेत, एक त्या गोड पाण्याची, एक बोअरच्या खाऱ्या पाण्याची. गोड पाणी पूर्वी पुढच्या पाळीपर्यंत पुरायचं, आता तिसऱ्या दिवशीच टाकी कोरडी पडते.

तेही मी लिहून घेतलं आणि आठ दिवसांची मुदत मागितली. का मागितली ते मला नीट सांगता आलं नाही. मार्चमध्ये मी कुणाकडून काहीच मागितलं नव्हतं, एवढं आठवत होतं.

बिलाच्या मागच्या बाजूला वर्षभराच्या वापराचे खांब छापलेले असतात. ते मी बराच वेळ पाहिले. डिसेंबर ते मार्च उंच. एप्रिल, मे बुटके. जून मध्यम. जुलै पुन्हा उंच. डिसेंबर ते मेचे सहा खांब शिवलीलाविरुद्ध साक्ष देत होते. शेवटचा खांब मात्र तिच्या बाजूने उभा होता. एकाच कागदावर दोन साक्षी, आणि दोन्ही छापील.

३

गुरुशांत वायरमन दुपारी तीनला आला. तो कुंभारीचा आहे. शिवलीला तिकडे दिसते का, हे विचारायला मला जिने चढेपर्यंत वेळ लागला. तो म्हणाला, दिसते की, एका टपरीवर दिवसभर भाकऱ्या थापते. गटाने अजून घेतलेलं नाही. दसऱ्यानंतर काम वाढेल तेव्हा बघू म्हणतात.

त्याने आधी सोमशेखर यांच्या घरातला मुख्य खटका पाडला आणि मला खाली मीटरपाशी उभं केलं. मीटरवर एक लाल ठिपका वापर असेल तसा लुकलुकतो. तो थांबला. मी पूर्ण पाच मिनिटं त्याच्याकडे पाहत राहिलो, न जाणो माझ्या डोळ्यांची चूक असेल.

"ह्याचा अर्थ सोपा हाय, काका," गुरुशांत खाली येऊन म्हणाला. "बाहेरनं कुणी वायर टाकलेली न्हाय. टाकली असती तर घर बंद केल्यावर बी ठिपका पळाला असता. जी वीज जातीय ती घरातच जातीय. मीटर बी बराबर हाय."

सोमशेखर यांना ते पटलं नाही. घरातली प्रत्येक वस्तू तपासा म्हणाले. फ्रीज ठीक होता, पंखे ठीक होते. शेवटी आम्ही न्हाणीघरात गेलो. गिझरचा दिवा बंदच होता, पण खटका चालू. सोमशेखर म्हणाले की तो ऑटोमॅटिक आहे, पाणी तापलं की आपणहून बंद होतो. खटका पाडायची गरज नाही. गुरुशांतने पाव तास वाट पाहिली. दिवा लागला नाही. त्याने गिझरलाही निर्दोष ठरवलं.

बाहेर पडताना त्याचा पाय एका हिरव्या रबरी पाइपात अडकला. गरम-गार पाण्याच्या जोडनळाला तो पाइप बसवला होता आणि त्याच्या टोकाला पितळेची छोटी कॉक होती. ती बंद होती. तोल सावरायला गुरुशांतने वरच्या नळाकडे हात नेला, तोच दारातून सुंदरम्मा बोलल्या.

"त्याला हात लावू नको, यप्पा. माप बसवलंय."

त्यांची मनगटं सुजतात. सकाळी आणि संध्याकाळी, लिंगपूजेआधी, दोन वेळा अंघोळ. दरवेळी दोन नळ पिळणं जमेना, म्हणून दिवाळीत मुलाने ही सोय केली. वरचे नळ सोसेल इतक्या ऊन पाण्याच्या मापाने एकदाच ठेवून दिलेले, आणि उघडझाप खालच्या कॉकने, एका बोटाने. सोमशेखर हे सांगताना पहिल्यांदाच थोडे हसले.

मला ते मायेचं वाटलं. आणखी काही वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

४

बिभीषण सोमशेखर यांच्या बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर राहतो. मी गेलो तेव्हा त्याने मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिला.

"तवा शिवलीला. आता बिभीषण," तो म्हणाला. "म्होरल्या साली कोन, काका? तुमी?"

त्याने स्वतःची बिलं आणून दिली. रिक्षा घेतली त्या महिन्यापासून त्याचीच युनिटं वाढली होती. रिक्षाची वायर त्याने खिडकीतून खाली सोडलेली होती, ती माझ्यादेखत ओढून दाखवली. दुसरं टोक त्याच्याच घरातल्या प्लगमध्ये होतं. तिच्या शेजारून एक पाण्याचा पाइपही खाली गेला होता. त्या पाइपाने तो रोज सकाळी रिक्षा धुतो.

मी उठणार तेवढ्यात त्याची आई केराबाई आतून आल्या. पूर्वी त्या काठी घेऊन चालायच्या. मी गुडघ्यांची चौकशी केली.

"लई बरं हाय बगा औंदा," त्या म्हणाल्या. "नळालाच ऊन पाणी येतंय की. टाकी तापती वरची. रोज दोन बादल्या गुडघ्यावं वतते."

मी म्हणालो, आमच्या सोलापूरचं ऊन असंच. त्यांनी मान हलवली. त्यांच्या गावाकडे, सांगोल्याच्या माळावर, मेंढरांसाठी दगडी टाकं होतं, त्यातलं पाणीही दुपारी असंच व्हायचं म्हणे. माळाची आठवण निघाली की त्या थांबत नाहीत. मग म्हणाल्या, या घरात आलो तेव्हा बोअरच्या नळाला करंगळीएवढी धार यायची, आता बदाबदा येते. साबणाला फेसही येतो, पूर्वी धुणं नुसतं चिकट व्हायचं.

"देव पावला म्हनायचा," त्या म्हणाल्या.

"देव न्हाय, आये, टाकी धुतली आसंल कुनीतरी," बिभीषण म्हणाला.

टाकी कुणी धुतली नव्हती. ते काम सांगायचं माझ्याकडेच असतं आणि मी दोन वर्षं ते कुणाला सांगितलेलं नाही. मी वरमून उठलो. त्यांच्या न्हाणीत हात धुतले. पाणी खरंच कोमट होतं. साबणाला फेस आला. मी हात पुसून घरी आलो आणि वहीत लिहिलं, "बिभीषण निर्दोष. बाकी काही हाती लागले नाही."

५

सातव्या दिवसापर्यंत पाऊस भुरभुरत होता. चार दिवस सूर्य दिसला नव्हता. सोमशेखर यांनी सकाळीच निरोप पाठवला की नोटीस उद्या हवी.

मी कागद घेऊन बसलो. एका शब्दावर अडलो. तो पाहायला शब्दकोशाचा खंड काढला, आणि कुठला खंड काढतो आहे हे पत्र मांडीवर पडल्यावर माझ्या लक्षात आलं.

एप्रिलमध्ये मी ते पत्र आरोपीचं म्हणून वाचलं होतं. त्यात काय मागितलं आहे, एवढंच पाहिलं होतं. या वेळी मी ते साक्षीदाराचं म्हणून वाचलं. एका वाक्यापाशी थांबलो.

थंडीत पहाटे, केरामावशीच्या नळाचं ऊन पाणी.

आपल्याकडे नळाला ऊन पाणी आलं तर कुणी चकित होत नाही. वर्षाचे सात-आठ महिने टाक्या तापलेल्याच असतात. केराबाईंना आश्चर्य वाटलं नाही, मलाही वाटलं नाही. पण थंडीत पहाटे टाकी कशाने तापेल? बारा तास तिच्यावर ऊन पडलेलं नसतं. आणि परवा मी स्वतः हात धुतले तेव्हा तरी ऊन कुठे होतं?

मी उठून माझा नळ सोडला. मी पलीकडच्या बाजूला राहतो, माझे पाइप वेगळे आहेत. पाणी गार होतं. मग छत्री घेऊन गच्चीवर गेलो. दोन्ही टाक्यांना हात लावला, गार. बोअरच्या टाकीतून सोमशेखर आणि बिभीषण यांच्या बाजूला जाणारा पाइप क्षारांनी पांढरा पडला होता. आत किती भोक उरलं असेल कोण जाणे. गोड पाण्याचा पाइप नवा होता. न्हाणीत गार नळाला बोअरचं पाणी जोडायचं आणि गिझरला गोडं, म्हणजे क्षारांनी गिझर खराब होत नाही, ही आमच्या इमारतीतली पद्धत.

गार टाकी, कोमट नळ. चिकट पाण्याला फेस. करंगळीएवढी धार मोठी झालेली. गोड पाणी तिसऱ्या दिवशी संपलेलं.

मी पावसात उभा राहून हे चार वेळा म्हटलं. प्रत्येक वेळी तेच उत्तर येत होतं, आणि ते बरोबर असेल तर मार्चपासून मी काय केलं होतं तेही त्यात येत होतं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी सोमशेखर यांच्याकडे नोटीस न घेता गेलो. गुरुशांतला बोलावलं होतं. केराबाईंना त्यांच्या नळाखाली हात धरून बसायला सांगितलं होतं आणि बिभीषण फोन कानाला लावून त्यांच्याजवळ उभा होता.

मी चुकत असेन तर माफ करा, असं म्हणून सुरुवात केली. सोमशेखर यांनी घड्याळ पाहिलं.

गिझरचा दिवा या वेळी लागलेला होता. अंघोळ कुणी करत नव्हतं. हिरव्या पाइपाची कॉक बंद होती, एक थेंबही गळत नव्हता. तरीही दिवा लागलेला. मी तिकडे बोट दाखवलं. गुरुशांत बिभीषणशी जोडलेला फोन धरून पुढे सरकला.

"खाली काय येतंय विचार," मी त्याला म्हणालो.

"ऊन येतंय म्हनत्यात. धार बी मोठी."

सुंदरम्मांची परवानगी मागून मी वरचे दोन्ही नळ पिळून बंद केले. आम्ही थांबलो. फोनवर आधी काही नाही, मग केराबाईंचा आवाज आला, तो आम्हा सगळ्यांना ऐकू गेला.

"गार झालं की! आन धार कुटं गेली? कुनी बंद केलं रं, चालू ठिवा की!"

मी नळ उघडले. मिनिटभरात पाणी पुन्हा ऊन झालं. गुरुशांतने स्वतः बंद करून पाहिलं, पुन्हा उघडलं. मग तो खाली बसला आणि कपाळाला हात लावला.

आम्हा सगळ्यांना बंद कॉक दिसत होती, म्हणून नळ बंद आहे असं वाटत होतं. पण वरचे दोन्ही नळ दिवाळीपासून उघडेच होते. गरम बाजू आणि गार बाजू आतल्या आत एकमेकींना मिळालेल्या होत्या. खाली केराबाई बोअरचा नळ सोडायच्या. बोअरचा पाइप क्षारांनी बुजलेला, तिकडून पाणी कष्टाने येणार. मग ते मोकळ्या वाटेने यायचं, नव्या पाइपातून, सोमशेखर यांच्या गिझरमधून, जोडनळातून आडवं होऊन बोअरच्या पाइपात, आणि तिथून खाली. केराबाईंचे गुडघे, धुणं, बिभीषणची रिक्षा, सगळं या गिझरच्या गोड्या पाण्यावर चाललेलं. गुरुशांत दुपारी तीनला तपासायला आला तेव्हा खाली कुणी नळ सोडला नव्हता, म्हणून दिवा लागला नाही.

सोमशेखर यांनी सगळं ऐकून घेतलं. व्यापारी माणूस, कच्चा दुवा बरोबर शोधतो.

"मग एप्रिल-मेमध्ये बिल कमी का आलं? ती गेली म्हणूनच ना?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते सुंदरम्मांनी दिलं.

"उन्हाळ्यात गिझर कोण लावतं, यप्पा? नळच भाजतो. मीच खटका पाडला होता. पाऊस लागल्यावर परत लावला."

न्हाणीत जागा कमी होती. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. सुंदरम्मा भिंतीला टेकल्या.

"म्हणजे ती पोरगी," त्या म्हणाल्या. "दोन वेळा पूजा करते मी. आणि माझ्या अंघोळीपायी दुसऱ्याच्या लेकीला चोर ठरवलं."

"कुणाला ठाऊक होतं, अव्वा?" सोमशेखर म्हणाले. "गिझरचं कुणाला ठाऊक होतं?"

"गिझरचं नव्हतं," मी म्हणालो. "शेगडी नव्हती हे मला ठाऊक होतं."

माझा आवाज फार बारीक आला. पण फोन अजून चालू होता, आणि खाली बिभीषण आणि केराबाई दोघांनीही ते ऐकलं.

७

सोमशेखर यांनी त्याच दिवशी गिझरच्या तोंडाशी परतीचं पाणी अडवणारा वॉल्व्ह बसवायला सांगितलं. गुरुशांत म्हणाला, त्यानं भागणार नाही, पाणी उलटं जातच नाहीये, सुलटंच जातंय. आधी वरचे नळ बंद ठेवा. मग आईसाठी त्यांनी एकाच दांडीचा, बोटाने उचलायचा नळ आणला. संध्याकाळी ते माझ्याकडे आले, सभेची वही मागितली, मार्चच्या ठरावाखाली मी लिहिलेली दुरुस्ती वाचली आणि सही केली. मार्चपासून त्यांच्याकडे असलेली शिवलीलाच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवून म्हणाले, तिला यायचं असेल तर. काही उत्तर यायच्या आत ते गेले. केराबाईंनी निरोप पाठवला की गुडघे पुन्हा धरलेत, पण हरकत नाही.

मी पत्र लिहायला बसलो. पहिल्या खेपेला चार पानं झाली. त्यात दोन टाक्या होत्या, क्षार होते, जोडनळ होता, आणि तिच्या पत्रातल्या एका वाक्याने हे कोडं कसं सुटलं तेही होतं. वाचून पाहिलं. ते पत्र माझ्या हुशारीबद्दल होतं. तिने हे काही विचारलं नव्हतं.

मी ते बाजूला ठेवलं. सोसायटीचा छापील कागद घेतला आणि लिहिलं,

"शिवलीला यांच्या खोलीत विजेची शेगडी नव्हती. त्या चुलीवर भाकरी करत असत, हे मी तीन वर्षे पाहिले आहे."

खाली सही, शिक्का, तारीख. दुरुस्त ठरावाची नक्कल सोबत जोडली. वेगळ्या चिठोऱ्यावर उशिराबद्दल दोन शब्द लिहिले. ते फारसे चांगले नव्हते, पण पुन्हा लिहिले तर अजून चार महिने जातील अशी भीती वाटली.

लिहून झाल्यावर मला दिसलं, या ओळीत गिझर कुठेच नव्हता. ती एप्रिलमध्येही जशीच्या तशी लिहिता आली असती.

गुरुशांत म्हणाला होता, द्या इकडं, मी घेऊन जातो, दसऱ्याला अजून वेळ आहे. मी नको म्हणालो. तिने तिकीट लावून पाठवलं होतं.

पोस्टात रांग होती. खिडकीतल्या मुलीने पाकीट काट्यावर ठेवलं, कुंभारीचा पिन कोड विचारला, पावती फाडून दिली आणि पाकिटावर शिक्का मारून ते मागच्या पिशवीत टाकलं. मी पावतीवरचं नाव तपासलं. बरोबर होतं. पुन्हा तपासलं.

"आजोबा," मागचा माणूस म्हणाला, "झालं की तुमचं."

मी बाजूला झालो.